दोन्हीकडे सत्तर

लोणावळा
६ जानेवारी २०२५

आदरणीय मेहबूब सर,
सविनय जयभीम.

मी अनघा. वडगावला दहावीत तुमच्या वर्गात होते, औंढ्याहून यायचे. मधल्या सुट्टीत फळ्यावरचं गणित कुणाला पुसू द्यायची नाही, म्हणून पोरं माझ्यावर चिडायची. एवढ्यावर आठवले तर बरं. नाही आठवले तरी पत्र वाचा. कानांमुळे तुम्ही आता फोन घेत नाही, पण पत्राला मात्र उत्तर देता, असं शाळेत कळलं.

मी इथे एका वृद्धाश्रमाची व्यवस्था पाहते. तुंगार्लीकडच्या एका बंगल्यात आम्ही बारा जणांना सांभाळतो. तो बंगला आता मालकांच्या मुलांना परत हवाय, त्यांना हॉटेल काढायचंय. लोणावळ्यात कुठल्याही बंगल्याचं शेवटी तेच होतं. मार्चअखेर जागा सोडायची आहे. संस्थेनं तीन ठिकाणी चार-चार खाटांची सोय केली आहे, म्हणजे बारा जणांचे तीन गट करायचे.

कुणाला कुठे पाठवायचं यावर बैठकीत बराच वेळ गेला. शेवटी गौरव म्हणून एक तरुण विश्वस्त आहेत, ते म्हणाले, "चार-चारच करायचेत ना? असे प्रकार होऊन होऊन किती होणार, दहा-वीस. चिठ्ठ्या टाका. कुणावर अन्याय नाही आणि आपल्यावर बोल नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे धड सांगता येईना. म्हातारी माणसं आहेत सर. एकमेकांच्या खोकल्याचीसुद्धा सवय झालेली असते.

प्रकार खरंच दहा-वीस होतात का? मी कागदावर मांडायला बसले आणि दुसऱ्या पानावरच भरकटले. एवढं सांगाल का?

आपली विद्यार्थिनी,
अनघा


वडगाव मावळ
११ जानेवारी २०२५

चि. अनघा,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

आठवतेस. फळा पुसू न देणारी मुलगी विसरण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

आता गणित. पहिल्या घरासाठी बारांतून चौघं निवडायची. याच्या रीती होतात चारशे पंच्याण्णव. त्यातल्या प्रत्येक रीतीमागे उरतात आठ जण. त्यांतून दुसऱ्या घराचे चौघं निवडायच्या रीती सत्तर. राहिलेले चौघं आपोआप तिसऱ्या घरात गेले, तिथे निवडायला काही उरत नाही. गुणाकार कर. चौतीस हजार सहाशे पन्नास.

तुमच्या त्या गौरवरावांना सांग, दिवसाला एक प्रकार करून पाहायचा म्हटलं तर नव्वद वर्षांहून जास्त लागतील.

पण इथेच एक खोच आहे, आणि मुलं नेमकी इथेच मार्क घालवतात. ही संख्या तिन्ही घरं निरनिराळी धरून आली. घरं अगदी एकसारखी असतील, कुठेही राहिलं तरी फरक पडत नसेल, तर कोण कुणाबरोबर एवढाच प्रश्न राहतो. तेच तीन गट तीन घरांत सहा प्रकारे फिरवता येतात, म्हणून सहानं भागायचं. पाच हजार सातशे पंच्याहत्तर. तेव्हा आधी कळव, तुमची घरं सारखी की वेगळी?

तब्येत ठीक आहे. घरात एकटाच असतो, त्यामुळे ऐकू येत नाही याची फारशी अडचण होत नाही.

तुझा,
मेहबूब सर


लोणावळा
१७ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

घरं वेगळी आहेत, चांगलीच वेगळी. एक कान्ह्याला, स्टेशनपासून चालत जाता येईल असं. पुढे थोडं अंगण आहे. तिथली व्यवस्था माझ्याकडे येणार आहे. दुसरं तुमच्या वडगावात, बाजाराच्या मागे. तिसरं पार शिरूरच्या पुढे. तिथे संस्थेचं जुनं घर आहे, त्यांचा व्यवस्थापकही आहे. फक्त चार खाटा रिकाम्या आहेत.

मला आणखी एक विचारायचंय. सोयीसाठी मी सगळ्यांना नंबर दिलेत. त्यातली सात नंबरची बाई आहे, चौऱ्याहत्तर वर्षांची. तिची आठवण गेली आहे. आपलं नाव सांगते, गाव सांगते, त्यापुढे सगळं पुसट. तिला फक्त हसिनाबी कळतात. हसिनाबी आमच्याकडे तीन वर्षांपासून आहेत, कामशेतच्या. त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय सात नंबर ताटाला हात लावत नाही. त्या बागेत गेल्या की ही पदर धरून मागे. हसिनाबी कधीमधी कावतात, "अगं, मला जरा एकटी फिरू दे." मग दहा पावलं गेल्यावर स्वतःच मागे वळून बघतात.

चिठ्ठ्या टाकल्या तर या दोघी एका घरात यायचा संभव किती? विश्वस्तांची बैठक दोन तारखेला आहे. तिथे मला नुसतं "बरं वाटत नाही" म्हणून चालणार नाही.

आपली,
अनघा


वडगाव मावळ
२२ जानेवारी २०२५

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

हे गणित तर चौतीस हजारांच्या वाटेलाही न जाता सुटतं. सात नंबरची चिठ्ठी आधी निघाली असं समज. तिला कुठल्या तरी घरात एक खाट मिळाली. हसिनाबींसाठी आता एकूण खाटा उरल्या अकरा. त्यांतल्या सात नंबरच्या घरात किती? तीन. म्हणजे अकरांत तीन वेळा सोबत आणि आठ वेळा ताटातूट.

हे फक्त त्या दोघींचं नाही. बारांतल्या कुठल्याही दोघांचं हेच. तुमच्याकडे एखादं जोडपं असेल तर त्यांचंही हेच. चिठ्ठीला लग्न कळत नाही.

चिठ्ठी पक्षपात करत नाही, हे गौरवरावांचं म्हणणं खरं आहे. पण ती कुणाला काही विचारतही नाही. चौतीस हजार रीतींतली कुठली चांगली, हे ठरवायला कुणीतरी बारा माणसांना विचारलं पाहिजे. तू विचार. प्रत्येकाला एकच प्रश्न: कुणाबरोबर राहायचंय, किंवा कुठे राहायचंय? उत्तरं मला पाठव. त्या अटी पाळून किती रीती उरतात ते मी काढतो. एकही उरली नाही तर मग चिठ्ठ्या आहेतच.

मेहबूब सर


लोणावळा
५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

बैठकीत मी तुमचं अकरांतलं तीन सांगितलं. मग गौरव सर म्हणाले, "म्हणजे केरबाकाका एकीकडे आणि काकू दुसरीकडे, असं होण्याचा संभव जास्त?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग नको चिठ्ठ्या. मॅडम, तुम्हीच विचारून लावा. अठ्ठावीस तारखेपर्यंत कळवा." हवं होतं ते मिळालं. चिठ्ठीवर ढकलता आलं असतं, आता माझ्यावर आलं.

सगळ्यांना विचारलं. महिपती, सोपान आणि अंबाजी हे तिघं रोज पत्त्यांना बसतात. सोपानकाका म्हणाले, "चौथा गडी कुटलाबी द्या, पन आमी तिगं सुटनार न्हाई." केरबाकाकांच्या बायकोला विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "ह्ये काय इचारायचं असतं व्हय?" आणखी पाच जण आहेत, त्यांचं काही म्हणणं नाही. त्यातल्या एक म्हणाल्या, "कुटंबी टाका, खाट तेवढी खिडकीपाशी द्या."

हसिनाबींनी शिरूर मागितलं. त्यांची एकुलती लेक तिथे दिली आहे. वर्षातून एकदा तोंड दिसतं. त्या म्हणाल्या, "आता नातवाला शाळेत सोडायला तरी जाईन."

सात नंबरला विचारलं, "तुम्हाला कुणाजवळ राहायचंय?" तिनं हसिनाबींचा पदर धरला. मी परत विचारलं. ती म्हणाली, "बाई, येकदा सांगितलं न्हवं का?"

तेव्हा अटी अशा: पत्त्यांचे तिघं एकत्र, जोडपं एकत्र, हसिनाबी शिरूरला, सात नंबर त्यांच्याबरोबर. किती रीती उरतात? आणि सात नंबरला कान्ह्याला ठेवून बाकी सगळ्यांचं मन राखता येईल का, तेही बघाल का?

आपली,
अनघा


वडगाव मावळ
१० फेब्रुवारी २०२५

चि. अनघा,
आशीर्वाद.

उरतात. सत्तर. पुन्हा करून पाहिलं. चौतीस हजार सहाशे पन्नासांतून सत्तर उरणं म्हणजे मुबलक. खिडकीवाल्या बाईंनाही खिडकी देता येईल.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तुला गणित येतं, तूच मोज. पण मोजण्याआधी मला एक सांग. बाराही माणसांना तू विचारलंस. सात नंबरनं तुला दोनदा सांगितलं. ज्या बाईचं सगळं पुसलं गेलंय तिला एवढं एक ठामपणे माहीत आहे. तरी तिला कान्ह्याला ठेवायचं तुझ्या मनात का येतं? कान्ह्याला कुणाची सोय आहे? तिची की व्यवस्थापकांची?

रागावू नकोस. वर्गातही मी असाच बोलायचो.

मेहबूब सर


लोणावळा
२१ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र उशाखाली ठेवून दहा दिवस काढले.

सात नंबर माझी आई आहे. सरूबाई.

तुमच्यापासून का लपवलं? मला वाटलं, आई म्हटलं की तुम्ही माझी समजूत काढाल, आणि मला उत्तर हवं होतं. तुम्ही ते दिलंत. कान्ह्याला सोय माझीच आहे, सर. मला तिच्याजवळ राहायचंय.

चार वर्षांपूर्वी ती औंढ्याच्या घरातून निघाली आणि हायवेच्या कडेकडेनं चालत राहिली. एका टेम्पोवाल्यानं घरी आणून सोडलं. मी तेव्हा तळेगावला कंपनीत होते, घरी दुसरं कुणी नाही. म्हणून ती नोकरी सोडून ही धरली, आईला घेऊनच इथे राहायला आले. पहिलं वर्षभर ती मला अनू म्हणायची. मग कधीतरी बाई म्हणायला लागली. नक्की कुठल्या दिवशी, ते माझ्या लक्षातही आलं नाही. रोज सकाळी मी तिची वेणी घालते. ती हसिनाबींना सांगते, "ह्या बाईंचा हात लय हलका हाय."

तुम्ही सांगितलंत म्हणून मोजलं. आई कान्ह्याला, हसिनाबी शिरूरला, पत्त्यांचे तिघं एकत्र, जोडपं एकत्र. सर, तिथेही सत्तरच येतात. मला वाटलं माझी चूक झाली. पुन्हा केलं, पुन्हा सत्तर. मनात म्हणत होते, एकीकडचा आकडा लहान निघाला असता तर त्याच्याकडे बोट दाखवून सुटले असते. कृपा करून तपासा.

शिरूरला माझी बदली होत नाही. तिथे माणूस आहे, दोन पगार संस्थेला परवडणार नाहीत.

परवा हसिनाबी मेथी निवडत बसल्या होत्या. आई शेजारी, नुसत्या काड्या गोळा करत. हसिनाबी म्हणाल्या, "अनघा, तू दोन दिस झाले माझ्याकडं बघतीस आन् काई बोलत न्हाईस. सरूला कान्ह्याला न्यायचं असंल तर मी बी तितंच येते. शिरूर ऱ्हाऊ दे."

"आणि तुमची लेक?"

"तिला काय, फोनवर बोलंन." मग म्हणाल्या, "फकस्त तिला तू सांग. माझ्याच्यानं सांगवनार न्हाई."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण एका लेकीनं दुसऱ्या लेकीला फोन करायचा आणि तुझी आई मी ठेवून घेतेय म्हणून सांगायचं, हे जमेना. म्हटलं, "नको हसिनाबी. तुम्ही शिरूरलाच जा." आईचं काय, ते मात्र मी बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. आईनं गोळा केलेल्या काड्या माझ्या ओंजळीत दिल्या आणि म्हणाली, "घ्या बाई."

सात दिवस उरलेत.

अनघा


वडगाव मावळ
२४ फेब्रुवारी २०२५

चि. अनघा,

पत्र लगेच टपालात टाकतो आहे, वेळेत मिळावं.

मागचं पत्र मी सात नंबरबद्दल लिहिलं होतं, सरूबाईंबद्दल नाही. नंबराबद्दल माणूस फार पटकन बोलतो. जे लिहिलं ते चूक होतं असं आजही म्हणवत नाही. पण माहीत असतं तर मला लिहिता आलं नसतं, हेही खरं. तेव्हा त्याला सरांचा हुकूम समजू नकोस.

तुझी मांडणी तपासली. बरोबर आहे. दोन्हीकडे सत्तर. गणिताचं जेवढं काम होतं तेवढं त्यानं केलं. कुठल्या रीती शक्य आहेत ते दाखवलं आणि बाजूला झालं. इतकी वर्षं शिकवलं, पण उत्तर बरोबर आल्यावरही माणूस असा अडून बसतो, हे मी कुठल्या वर्गात सांगितलं नाही.

एक माझं सांगतो. माझा मुलगा अबरार पिंपरीला असतो. दोन वर्षं मागे लागलाय, अब्बा, इकडे चला. मला वाटायचं, ह्याला माझ्या काळजीतून मोकळं व्हायचंय, म्हणून मला उचलून आपल्या घरात ठेवतोय. त्यालाही माझी उणीव भासत असेल हे मनात आलंच नाही. वयानं माणूस शहाणा होतो म्हणतात ते काही खरं नाही. मी जाणार नाही बहुतेक. पण काल तो आला तेव्हा नेहमीसारखं तुटक "नाही" म्हटलं नाही. वही पुढे केली आणि म्हटलं, तुला काय वाटतं ते सगळं लिही. संध्याकाळपर्यंत लिहीत होता. दोन वेळा डोळे पुसले, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. जे करशील ते मात्र कळव.

तुझा,
मेहबूब सर


कान्हे
२८ एप्रिल २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं आता झालं.

आईला शिरूरला पाठवलं. सत्तावीस तारखेला यादी दिली, गौरव सरांनी वाचली. सरूबाईंपुढे शिरूर पाहून म्हणाले, "मॅडम, ही तुमची आई ना?" मी म्हटलं, "तिनं सांगितलं तसं केलंय." मार्चच्या शेवटी गाडी आली. केरबाकाका आणि काकूही शिरूरलाच होते. ते पुढे बसले, आई आणि हसिनाबी मागे. मी आईची वेणी जरा घट्ट घातली, लांबच्या प्रवासात सुटू नये म्हणून. आई म्हणाली, "बाई, आज हात जड पडला." गाडी सुटली तेव्हा हसिनाबी मागे वळून हात हलवत होत्या. आई पुढे बघत होती. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. घाबरली असती तर तिनं मागे पाहिलं असतं.

इकडे कान्ह्याला पत्त्यांचे तिघं आहेत, चौथ्या खिडकीवाल्या आजी. त्यांनाही डाव शिकवलाय. त्या जिंकतात आणि सोपानकाका चिडतात. घर चांगलं आहे. पहिले काही दिवस सकाळी सात वाजता माझे हात रिकामे राहायचे. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे लावायचे.

दर रविवारी शिरूरला जाते. सकाळच्या लोकलनं शिवाजीनगर, पुढे एसटी. सुट्टी तेवढीच असते. पहिल्या रविवारी आईनं मला पाहिलं आणि ती नुसती बसून राहिली. दुसऱ्या रविवारी पाणी आणून दिलं, पाहुण्यांना देतात तसं. हसिनाबींची लेक नातवाला घेऊन येते. तो आईलाही आजी म्हणतो, आणि आई त्याला भरवते. आता हसिनाबींच्या आधी स्वतःचा घास घेते.

काल गेले तेव्हा त्या दोघी ओट्यावर होत्या. हसिनाबी मला बघून मुद्दाम आत गेल्या, चहा ठेवायला. आई म्हणाली, "बसा की. लांबनं आलात जनू."

"हो. कान्ह्याहून."

"तुमचं कोन असतं हितं?"

"माझी आई."

"आसं व्हय?" ती सरकून बसली, मला जागा दिली. "बरं केलं आलात. लेकीनं यावं. माझी बी येती."

मग विचारलं, "कधी येते?"

"आयतवारी. दर आयतवारी येती. येक बी चुकवत न्हाई." तिनं रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या हातावर हात ठेवला. "आज आयतवारच हाय. थांबा जरा, येईलच आता. तुमची वळख करून देते."

मी थांबले. दुपारच्या एसटीची वेळ झाली तरी उठले नाही. आम्ही दोघी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होतो.

आपली,
अनघा